उघडं फ्रॅक्चर: नव्या रेसिडेंटसाठी

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-मिरजेकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेले पाय येतात. नडगी तुटलेली, हाडापर्यंत उघडी जखम (हेच उघडं फ्रॅक्चर), त्यात शेतातली माती. एक्स-रेसाठी थांबू नकोस. सेफाझोलिन (अँटिबायोटिक) २ ग्रॅम आधी शिरेतून दे, जमल्यास इजेपासून तासाभरात. धनुर्वाताचं इंजेक्शन, पायाची नाडी, बोटांची संवेदना, एक फोटो, मग सलाइनचा ओला गॉज आणि स्प्लिंट. त्यानंतर प्रत्येकाला दाखवायला जखम उघडायची नाही.

गस्टिलो प्रकार (उघड्या फ्रॅक्चरची तीव्रतेनुसार प्रतवारी) कॅज्युअल्टीत ठरवू नकोस, तो डिब्राइडमेंट, म्हणजे घाण आणि मेलेला भाग कापून काढणं, करतानाच कळतो. स्नायूचा रंग, घट्टपणा, चिमटा लावल्यावरचं आकुंचन आणि कापल्यावर येणारं रक्त बघ. टूर्निकेट (रक्त थांबवणारा पट्टा) फुगवलेलं असेल तर रंग आणि रक्त दोन्ही फसवतात. हाडाचा सुटा तुकडा हलक्या ओढीने हातात आला तर तो मेलेला आहे; मोठा असला तरी काढ. तो ठेवायचा मोह फार होतो आणि पुढे तिथेच पू धरतो. सांध्याच्या पृष्ठभागाचा मोठा तुकडा मात्र जपायचा. मोठ्या जखमेला ९ लिटरपर्यंत सलाइन, कमी दाबाने. जोराचा फवारा घाण आत ढकलतो.

फिक्सेटरच्या (हाड बाहेरून धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) पिना फ्लॅपच्या (हाड झाकायला आणलेल्या स्नायू-त्वचेच्या) वाटेत येऊ देऊ नकोस, म्हणून प्लास्टिक सर्जनला आधीच बोलव. शक्यतो ७२ तासांत हाड झाकलं गेलं पाहिजे. सोय नसेल तर त्याच दिवशी पुढे पाठव.

आणि जखम उघडी आहे म्हणून कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) टळत नाही. बोटं ताणल्यावर असह्य दुखलं तर ताबडतोब फॅशिओटॉमी, म्हणजे स्नायूंवरचं आवरण कापून दाब मोकळा करणं.