तोंड वासून बघणारं माकड, भिंतीवरचा बिबट्या आणि आग्या मोहोळ : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्याला वसंत विहारला राहतो, रिटायर्ड आहे, रोज सकाळी उपवनवरून येऊरच्या रस्त्याला चालायला जातो. मागच्या आठवड्यात सहा वर्षांच्या नातवाला बरोबर नेलं, त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं. एक मोठं माकड समोर आलं, तोंड वासून त्याच्याकडे टक लावून बघायला लागलं. मी काठी उगारली तर ते मागे जायचं सोडून पुढेच आलं आणि पाकीट ओढून नेलं. नातवाच्या मनगटाला नख लागून थोडं रक्त आलं, आम्ही हळद लावली. आता सून त्याला माझ्याबरोबर पाठवत नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : काका, चुकलं काय ते नंतर बोलू, आधी नातवाला आज, म्हणजे हे वाचताय त्याच दिवशी, सरकारी हॉस्पिटलात न्या आणि रेबीजचं इंजेक्शन सुरू करा. आठवडा गेला म्हणून आता काय उपयोग असं अजिबात धरू नका, उशिरा का होईना पण घ्यायचंच असतं. रक्त आलंय आणि जनावर जंगली आहे, त्यामुळे ही जखम तिसऱ्या म्हणजे सगळ्यात गंभीर गटात धरतात आणि लसीबरोबर जखमेतच एक वेगळं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, देतात. डॉक्टरांना "माकडाने ओरबाडलंय, रक्त आलं होतं" असं स्पष्ट सांगा आणि पुढच्या डोसच्या तारखा चुकवू नका. आणि पुन्हा असं कधी झालं तर हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. रेबीज एकदा झाला की वाचवता येत नाही, म्हणून मी एवढी मागे लागतेय.

आता माकडाचं. दात दिसले म्हणजे रागावलंय असं आपण सरसकट समजतो, पण तसं नसतं. ओठ मागे ओढून, आवाज न करता नुसते दात दाखवतं ते बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. तोंड गोल उघडून, भुवया वर चढवून डोळ्यात डोळे घालून बघतं ती धमकी. तुमच्यासमोर होतं ते हेच, आणि नातूही त्याच्याकडे टक लावून बघत असणार, लहान मुलं बघतातच, पण माकडाच्या भाषेत ते उलट आव्हान होतं. त्यात काठी वर गेली. त्या क्षणी पाकीट लांब टाकून द्यायचं, मुलाला कडेवर घ्यायचं, नजर खाली ठेवायची आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं. पळायचं नाही, हसायचं तर त्याहून नाही.

पण मला खरा राग त्या माकडाचा येत नाही. रविवारी गाडीची काच खाली करून केळी, बिस्किटं देणारी माणसं बघते तेव्हा येतो. पुण्य म्हणून देतात, आणि त्याची किंमत तुमच्या नातवासारखी पोरं मोजतात. पिशवीचा कुरकुर आवाज आला की खाणं, हे त्या माकडांना आपणच शिकवलंय. पुढच्या वेळी खाऊ घरी ठेवा आणि नातवाला नक्की न्या, सुनेला हे वाचायला द्या.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीची मागची भिंत जंगलाला लागून आहे. रात्री साडेदहाला वॉचमनने भिंतीवर बिबट्या बघितला, व्हिडिओ ग्रुपवर आला आणि तेव्हापासून सगळे म्हणतात पिंजरा लावा, पकडून लांब सोडा. आम्ही काय करावं?

उत्तर : भीती वाटणं साहजिक आहे, लहान मुलं असलेल्या घराला तर वाटणारच. पण भिंतीवर दिसला म्हणजे हल्ला केला असं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभरेक चौरस किलोमीटरचं, आणि बिबट्याला आपली कंपाउंड वॉल कुठून सुरू होते हे कळत नाही. तो येतो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात तुमच्या भिंतीमागे पडणाऱ्या कचऱ्यासाठी, म्हणून मीटिंगमध्ये पहिला विषय कचऱ्याचा घ्या.

पिंजऱ्याचा आग्रह मात्र धरू नका, प्लीज. जुन्नर भागात 2001 ते 2003 मध्ये बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले वाढले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी यावर बरंच काम केलंय. उचलून अनोळखी जागी टाकलेलं जनावर बिथरतं, आणि इथली मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. 2004 च्या जूनमध्ये याच उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावली होती, आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

अंधार पडल्यावर मुलं एकटी मागच्या बाजूला नकोत, मोठी माणसंसुद्धा तिथे उकिडवी बसू नयेत, कारण खाली बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. चालताना टॉर्च आणि आवाज, मोबाईलवर गाणी लावली तरी चालतील. समोर आलाच तर वाकू नका, पळू नका, मुलाला उचलून घ्या आणि त्याला निघायला वाट ठेवा. कान मागे चिकटवून गुरगुरला, शेपटी झटकायला लागला की "जवळ येऊ नका" एवढंच तो सांगत असतो.

सगळ्यात वाईट असते ती गर्दी. 2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यात कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, शेवटी बेशुद्ध करून पकडला. अशा वेळी मोबाईल घेऊन चारी बाजूंनी लोक उभे राहिले की त्याला एकच रस्ता उरतो, कुणाच्या तरी अंगावरून. वनखात्याच्या 1926 नंबरला फोन करा, दारं लावा, घरात बसा. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली मावशींना विचारून बघा, त्या वाघोबाला हात जोडतात आणि दिवेलागणीनंतर पोरांना आत घेतात.

प्रश्न : खारघरहून आमचा आठ जणांचा ग्रुप दर महिन्याला किल्ल्यावर जातो. बिबट्या, साप याची तयारी असते, अजून कशाला जपावं?

उत्तर : आग्या मोहोळाला! सह्याद्रीत मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. जुन्नरकडच्या एका किल्ल्यावर आम्ही कातळाच्या कपारीखाली डबे उघडून बसलो होतो, वर काळपट पोळं लटकत होतं ते कुणी नीट बघितलंच नाही. मग माझी नजर गेली तर पोळ्यावरून एक थरथर लाटेसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली, थांबली, परत सरकली. तो इशारा असतो, त्याच वेळी उठायचं. आमच्यातल्या एकाने बॉडी स्प्रे काढला आणि पहिली माशी त्याच्या मानेला डसली. डसलेल्या जागेला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, त्या वासाने बाकीच्या तिथेच येतात, म्हणून हात झटकत उभं राहायचं नसतं. तोंड, मान जॅकेटने झाकून सरळ लांब पळायचं, जमलं तर गाडीत किंवा घरात शिरायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत बसतात. माकडापुढे आणि बिबट्यापुढे पळू नका म्हणाले, इथे मात्र पळायचंच.

काटा आत राहतो आणि विष सोडत राहतो, तो नखाने, कार्डाने, कशानेही पण लगेच काढा. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली तर थेट हॉस्पिटल, वाटेत घरगुती उपाय करत थांबू नका. आणि कड्याखाली शेकोटी, सिगारेट, परफ्यूम नको.

प्रश्न : रानडुक्कर अंगावर आलं तर? (बेलापूर)

उत्तर : जवळच्या मोठ्या दगडावर किंवा झाडावर चढा, कमरेएवढी उंचीसुद्धा पुरते बऱ्याचदा. पट्टेदार पिल्लं दिसली तर फोटोला थांबू नका, आई तिथेच झुडपात असते, आल्या वाटेने मागे फिरा.