समाजवादी आधुनिकीकरणामुळे बुर्यात लोकांचं रोजचं जगणं कसं बदललं? फायदा जास्त झाला की नुकसान?

फायदा जास्त की नुकसान, असं विचारलंत म्हणून लिहायला बसले. याच शब्दांवरून माझे मामा आणि मी वीस वर्षं भांडलो. मामा परळचे गिरणी कामगार, लाल बावट्याचे. घर आमचं बौद्ध. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, मामांच्या खोलीत त्यांच्या शेजारी लेनिन. मी वैद्यकीय शिक्षणासाठी लेनिनग्राडला गेले, तीही मामांच्याच हट्टामुळे.

तिथे होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत एक बुर्यात मुलगी होती. बुर्यात म्हणजे सायबेरियात बैकाल सरोवराच्या आसपास राहणारे मंगोल वंशाचे लोक. उलान-उदे या त्यांच्या राजधानीत वाढलेली, आई रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर. तिच्या वडिलांचं नाव बद्मा. त्यांच्यात बद्मा आणि बाझार ही नावं सर्रास असतात. ती आपली पद्म आणि वज्र, संस्कृतातून तिबेटमार्गे आणि मंगोलांमार्गे तिकडे गेलेली. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती थक्क झाली. मी बौद्ध आहे म्हटल्यावर मात्र ती अवघडली. ‘आमच्याकडे आजी आहे तशी,’ एवढंच बोलली.

लेनिनग्राडमध्ये नदीकाठी बुर्यात लामा आग्वान दोर्जियेव यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला विहार होता. आम्ही तिथे होतो तेव्हा आत प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती. 1990 मध्ये तो बौद्धांना परत मिळाला. दोर्जियेव 1937 मध्ये पकडले गेले आणि काही आठवड्यांतच कैदेत वारले. क्रांतीपूर्वी बैकालच्या परिसरात चाळीसच्या वर दात्सान, म्हणजे विहार होते. 1930चं दशक संपेपर्यंत एकही उघडा राहिला नाही. 1940च्या दशकात इवोल्गा आणि आगा अशा दोनच ठिकाणी परवानगी मिळाली.

1990 च्या उन्हाळ्यात ती मला आजीकडे घेऊन गेली. मॉस्कोहून उलान-उदे साडेपाच हजार किलोमीटरच्या वर, रेल्वेत चार दिवस. पुढे बसने इवोल्गाच्या बाजूचं गाव. आजीचा जन्म 1912चा. लहानपण नमद्याच्या गेरमध्ये, म्हणजे तंबूघरात गेलेलं. गेरचं दार दक्षिणेला, पश्चिमेची बाजू पुरुषांची, पूर्वेची बायकांची, आणि दारासमोर उत्तरेला मानाची जागा, तिथे देव. आता लाकडी ओंडक्यांचं घर होतं, मागे बटाटे आणि कोबीचं वावर, कोपऱ्यात रशियन पद्धतीचं न्हाणीघर. मानाच्या जागी टीव्ही होता. टीव्हीखालच्या पेटीत आजीचं ‘व्हेटरन ऑफ लेबर’ पदक, पदकाखाली कापडात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती आणि त्याखाली एक वही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वहीत दिसलं.

वहीची पहिली पानं जुन्या मंगोल लिपीत होती, वरून खाली लिहिलेली. ती आजीला तिच्या लामा काकांनी शिकवली होती. त्यात मेंढ्या किती, घोड्या किती, कोणाचं किती देणं, असा हिशेब होता. मधली पानं लॅटिन अक्षरांत. 1931 मध्ये सरकारनं लिपी बदलली आणि साक्षरता वर्गात मोठमोठ्या बायकांना नवी अक्षरं गिरवायला बसवलं. 1939 मध्ये पुन्हा बदलली, ती रशियन लिपी आजतागायत आहे. शेवटच्या पानांवर कोलखोजचे, म्हणजे सामूहिक शेतीचे कामाचे दिवस मांडलेले. मेंढ्यांचा आकडा परत कुठेच नव्हता, कारण त्या आता तिच्या नव्हत्या.

माझ्या मैत्रिणीला पहिला भाग वाचताच येईना. दुसरा तिनं अक्षर लावत लावत वाचला. तिसरा घडाघड वाचला, पण निम्मे शब्द आजीला विचारले. दुधाच्या पदार्थांची नावंही तिला ठाऊक नव्हती. आजी मोडक्या रशियनमध्ये समजावत होती आणि नात मान डोलवत होती. आजी म्हणाली, ‘पहिल्यांदा काकांनी लिहायला शिकवलं, नंतर दोनदा सरकारनं. दर वेळी आधीचं लपवावं लागलं.’ काकांना 1937 मध्ये नेलं, ते आले नाहीत.

मग मी बुद्धाच्या देशातली म्हणून तिनं ती वही माझ्यापुढे सरकवली. मी देवनागरीत ‘बुद्धं सरणं गच्छामि’ लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘बुद्धं’ कानावर पडताच तिनं हात जोडले. नात माझ्याकडे बघत राहिली.

परत आल्यावर मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आजी निरक्षर राहिली असती, नात डॉक्टर झाली. हिशेब सरळ आहे. भाषा पोटाला घालत नाही.’

आजीला लिहायला आधीच काकांनी शिकवलं होतं, तरी मामांचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. आमच्या लोकांना जुन्यानं काय दिलं ते आम्हाला पुरेपूर माहीत आहे. दात्सानांचेही स्वतःचे कळप होते आणि गरीब गुराखी त्यांच्यासाठी राबत. डॉक्टर म्हणून सांगते, 1920च्या दशकात तिकडे सिफिलिसनं घरंच्या घरं पोखरली होती. 1928 मध्ये सोव्हिएत आणि जर्मन डॉक्टरांची संयुक्त मोहीम खास त्यासाठी गेली होती. पुढे गावोगावी दवाखाने आले, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, मुली शाळेत गेल्या. 1952 मध्ये उलान-उदेत ऑपेराचं थिएटर उभं राहिलं, त्याच्या बांधकामावर जपानी युद्धकैदी राबले होते. सोव्हिएत काळ संपताना उच्चशिक्षितांच्या प्रमाणात बुर्यात लोक रशियनांच्या पुढे होते. दोन पिढ्यांत एवढी मजल कमी लोकांनी मारली आहे.

पण ज्या हातानं दवाखाना दिला, त्याच हातानं काकांना नेलं, मेंढ्या नेल्या आणि लिपी बदलली. आजीला अर्धं घेऊन अर्धं नाकारायची सोय नव्हती. मामा दोन रकाने आखायचे आणि बेरीज करायचे. रकाने आखताना आजीला कोणी विचारलं होतं का, एवढंच माझं म्हणणं होतं.

मेंढ्यांचंच घ्या. जुन्या गावठी मेंढ्या हिवाळ्यात बर्फ उकरून खालचं गवत खायच्या. सरकारला बारीक लोकर हवी म्हणून मेरिनोचा संकर केला. लोकर मिळाली, पण त्या मेंढ्यांना गोठे लागले, वैरण लागली, विण्याच्या काळात रात्र रात्र माणूस लागलं. ते माणूस म्हणजे आजी. तिचं पदक त्याचंच. आणि 1974 पर्यंत कोलखोजच्या लोकांना ओळखीचा पासपोर्टसुद्धा सरसकट मिळत नव्हता, म्हणजे गाव सोडून जायचं तरी परवानगी लागे.

भाषा गेली ती नंतर आणि गुपचूप. 1970च्या दशकात शाळेतून बुर्यात माध्यम गेलं, ती एक विषय म्हणून उरली. शहरातल्या आईबापांनीही हरकत घेतली नाही. मुलांचं भलं रशियनमध्ये आहे, हे त्यांना पटलेलं होतं.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं पूर्वेकडच्या एका कुटुंबावरून लिहिलं आहे. बैकालच्या पश्चिमेकडचे बुर्यात क्रांतीच्या आधीपासूनच शेती करत होते, घरं बांधून राहत होते, तिथे लामांपेक्षा शामानांचा, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या भगतांचा, जोर होता. आणि सगळंच काही पुसलं गेलं नाही. मीठ घातलेला दुधाचा चहा, मांस भरून वाफवलेले बूझ, वाटेवरच्या पवित्र जागी गाडी थांबवून नाणं टाकणं, हे सोव्हिएत काळातही चालूच होतं. सगालगान हा त्यांचा नववर्षाचा सण 1990 मध्ये सरकारी सुट्टीचा झाला.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर नफा-तोट्याचा तक्ता करू नका. एका घरातल्या तीन पिढ्या घ्या आणि कोण कोणाचं लिहिलेलं वाचू शकतं ते विचारा.

मामा गेले. 1982 च्या संपात त्यांनी रोज डायरी लिहिली होती. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण गावी परतलं, कोणी दागिने मोडले, सगळं मराठीत, बारीक अक्षरात. त्यांचा नातू इंग्रजी माध्यमात शिकला, मामांच्याच आग्रहानं. त्याला ते अक्षर लागत नाही. शेवटच्या आजारपणात मामांनी सहा वह्या माझ्याकडे दिल्या. बोलले काही नाहीत, मीही बोलले नाही. वह्या माझ्याकडे आहेत आणि केव्हाही ये, मी वाचून दाखवीन, असं मी नातवाला कळवलं आहे. अजून तो आलेला नाही.