जनरेटरची किल्ली कुठं आहे?

प्रिय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सर, कॉलेजच्या प्राणीगृहाचा चार्ज मला दिलाय, पण तिथं फार काही काम नसतं." प्राणीगृह म्हणजे प्रयोगाचे ससे-उंदीर ठेवायची जागा, तिथं काम असतंच. चारदोन दिवसांत नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागेल. म्हणून हे लिहून पाठवतोय. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

आधी माझी चूक ऐक. नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. नवतपातला रविवार, लग्नाची मोठी तिथी, अर्धं कॉलेज मांडवात. दुपारी बाराच्या सुमारास लाईन गेली. जनरेटर होता, टाकीत डिझेलही होतं. पण त्याची किल्ली ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्कच्या खिशात आणि क्लार्क वरातीत. अटेंडंट सायकल मारत माझ्या घरी पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. "सर, ससे गपगार पडले हायेत," एवढंच म्हणाला. सहापैकी चार गेले. खोलीत शिरलो तर भिंतीवरचा पारा ३९ वर.

पांढरे उंदीर मात्र वाचले होते. शेपट्या लांब सोडून, अंगभर लाळ चोपडून पसरले होते. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. उष्णता टाकायला त्याच्याकडे शेपटी, आणि तेवढ्यानं भागेना की लाळ. म्हणून उन्हाळ्यात उंदराची छाती ओली दिसली तर बाटली गळतेय असं समजून पुढं जाऊ नकोस, आधी थर्मामीटर बघ. सशाची सगळी भिस्त कानांवर. त्याला ३० च्या वर जड जायला लागतं. कुणी आडवा पडलेला दिसला तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नकोस, घाबरून लोक नेमकं तेच करतात. साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कानांना लाव, पंख्याची हवा दे आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन कर.

आपल्याकडे नदीला पाणी चढायला लागलं की शेतकरी सामानाआधी गोठ्यात धावतो आणि दावी सोडतो. वेळ नसेल तर कोयत्यानं कापतो. ढोर आपलं आपण उंचवट्यावर जातं. तुझ्या पिंजऱ्यातल्या जिवाला ही सोय नाही. त्याला सोडता येत नाही, आणि सोडलं तरी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पांढरा उंदीर बाहेर टिकेलच असं नाही. त्याची सावली, त्याचं पाणी, त्याची पळायची वाट, सगळं आपण काढून घेतलंय. मी हे पहिल्यांदा त्या चार सशांसमोर उभा असताना समजलो. तू जरा आधी समज.

आता कूलरबद्दल. कारण तुमच्याकडे एसी दोनच आहेत आणि लाईन गेली की तेही शोभेचे. प्रयोगाच्या प्राण्यांसाठीची नियमावली म्हणते तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की कूलर झकास चालतो. उलट नुसता एसी लावून खोली फार सुकवलीस तर उंदरांच्या पिल्लांच्या शेपटीला वळ्या पडतात, कधी शेपटी गळतेही. पण जूनमध्ये ढग भरून आले की तोच कूलर वैरी होतो. हवेत आधीच ओल, त्यात याची भर. खिडकी बंद असेल तर आर्द्रता चढते, पिंजऱ्यात अंथरलेलं तूस ओलं होतं आणि मुताच्या अमोनियानं तुझेच डोळे चुरचुरतात. उंदीर तर त्या तुसावरच नाक टेकून असतो. कूलरसमोरची हवा बाहेर जायला वाट हवीच. मृग लागायच्या आधी एक्झॉस्ट पंखा उतरवून साफ करून घे, त्यात दरवर्षी चिमण्यांचं घरटं निघतं.

पुराचं थोडक्यात सांगतो, कारण तुमची इमारत उंचावर आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरीकडच्या वैनगंगाकाठच्या गावांत पाणी घुसलं, ते तू पाहिलंयस. अमेरिकेत २००१ मध्ये ॲलिसन वादळात ह्यूस्टनच्या वैद्यकीय संस्थांमधले हजारो प्राणी तळघरात बुडाले. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कला पुन्हा तळघर, पुन्हा हजारो उंदीर. अकरा वर्षं मध्ये होती! तेव्हा नवीन इमारतीच्या नकाशात कुणी "खाली जागा रिकामी आहे, उंदीर तिथं ठेवू" म्हणालं तर नम्रपणे पण हटून बस.

तुमच्याकडे पुराचा खरा त्रास वेगळा: रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जातं आणि दोनतीन दिवस माणूस पलीकडे पोचत नाही. अटेंडंटला पाण्यातून यायला लावायचं नाही, विजा कडाडताना तर मुळीच नाही. त्याच्या फोनमध्ये वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून दे. त्यापेक्षा कॉलेजजवळ राहणारा एखादा वॉचमन आत्ताच शिकवून ठेव. त्याला बाटली भरता आली, सिपरची, म्हणजे बाटलीच्या नळीतली, गोळी बोटानं हलवून पाणी येतंय का बघता आलं, तरी दोन दिवस निघतात. बाटली काठोकाठ भरायला सांग. अर्धी बाटली तापली की आतली हवा फुगते आणि पाणी तुसात सांडतं. खाद्य आठवडाभराचं जास्त ठेव. गिनीपिगला ताजी कोथिंबीर तरी मिळायलाच हवी, क जीवनसत्त्व त्याचं शरीर बनवत नाही.

प्राणी हलवायचीच वेळ आली तर पिंजऱ्याचं कार्ड पिंजऱ्यासोबत गेलं पाहिजे. पेनाची शाई पावसात पसरते, पेन्सिल टिकते. जागा कमी पडली म्हणून दोन पिंजऱ्यांतले नर एकत्र टाकू नकोस, सकाळी रक्त पुसावं लागेल.

आणि प्रयोगाचं. त्या रविवारनंतर माझ्या पीएचडीच्या गाइडनी विचारलं होतं, "उंदीर जगले ना? मग रीडिंग घे." मी घेतली. आजही त्याची लाज वाटते. उन्हानं होरपळलेल्या उंदरात औषध वेगळंच वागतं. ॲम्फेटामीन या उत्तेजक औषधाचं घे: खोली तापली की त्याचं विष वाढतं, पिंजऱ्यात दाटी झाली तरी वाढतं. त्या आठवड्याचे आकडे बाजूला काढ, प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीला लेखी कळव आणि पीएचडी सहा महिने लांबली तर लांबू दे. एखादं जनावर वाचण्यासारखं नसेल तर त्याला शांतपणे मरण द्यायचा निर्णय कुणी, कोणत्या पद्धतीनं घ्यायचा, हेही डॉक्टरांसोबत बसून आजच लिहून घे. रात्री दोन वाजता अंधारात तो निर्णय नीट होत नाही.

जनरेटर दर आठवड्याला नुसता घुरघुरवून बंद करतात, तसं नको. एसी, पंखे लावून अर्धा तास चालव. आणि किल्ली प्राणीगृहाच्या दाराशी खिळ्याला टांगलीस की नाही, ते मला रविवारच्या आत कळव.

तुझा,
सर