बिल्डर, पालिका, संस्था मिळून घरं देणार म्हणतात, पैसे भरू का?

प्रश्न: ताई, आम्ही इचलकरंजीचे, नवरा यंत्रमागावर, मी शिलाई करते, भाड्याच्या खोलीत राहतो. इथं कामगारांची सोसायटी काढून सरकारी अनुदान, खासगी बिल्डर आणि एक संस्था असं मिळून घरं बांधायचं चाललंय. आधी थोडे पैसे भरा म्हणतात. असं कुठं खरंच झालंय का?

उत्तर: झालंय की, आणि तुमच्यासारख्याच लोकांचं झालंय. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर आहे, जमलं तर बघूनच या. ३० हजार घरांची योजना, विडी कामगार, यंत्रमागवाले, कचरा वेचणाऱ्या बायका अशांसाठी. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या युनियनने लोकांना एकत्र केलं, सोसायट्यांचं फेडरेशन उभं केलं, पंतप्रधान आवास योजनेतून घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख आला, बाकीचं लोकांच्या वाट्याला. पण भूमिपूजन जानेवारी २०१९ ला आणि पहिली १५ हजार घरं मिळाली जानेवारी २०२४ ला, म्हणजे पाच वर्षं भाडंही भरायचं आणि घराचे पैसेही, याचा हिशोब आधी करा.

पुण्याचं येरवडा मला जास्त आवडतं. तिथं वस्ती उठवलीच नाही, कच्ची घरं पाडून त्याच जागी साधारण २७० चौ. फुटांची पक्की बांधली, संडास घरात. पैसे केंद्र, राज्य, महापालिकेचे आणि दहा टक्के घरवाल्यांचे. वस्त्यांमध्ये काम करणारी स्पार्क संस्था आणि महिला मिलन या वस्तीतल्याच बायकांच्या गटाच्या बायका घरोघरी फिरल्या, नकाशे दाखवले, लोकांशी बोलून बदल केले. संस्थेचं खरं काम हेच आहे हो, बिल्डरला खर्चाचं कळतं, पालिकेला नियमाचं, पण जिन्याखाली शिलाई मशीन बसेल का हे तुम्हालाच विचारायला पाहिजे.

म्हणून पैसे भरायच्या आधी बघा की जमीन कोणाच्या नावावर आहे (सातबारा स्वतः काढा, कोणी दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका), प्रकल्प महारेरात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदलाय का, पैसे सोसायटीच्या बँक खात्यात जातात का कोणाच्या हातात, आणि पाणी व बससाठी लेखी काय आहे. कारण गावाबाहेर स्वस्त घर घेतलं आणि कामावर जायला रोज रिक्षा लागली तर महिन्याचं गणितच बिघडतं. संस्थेची माणसं मीटिंगला येतात का आणि हिशोब वाचून दाखवतात का तेही बघा, नसतील दाखवत तर थांबा. देशात कुठंही पक्कं घर नसणं आणि वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असणं हे अनुदानाला लागतं, ते कागद आत्ताच काढून ठेवा.

आणि घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर, असं पंतप्रधान आवास योजनेतच आहे, तेव्हा अर्जात तुमचं नाव आधी टाका, कोणी नंतर बघू म्हणालं तरी.