वाचकांचे प्रश्न: पुरातली बातमी नेटवरनं कुठं गेली?

प्रश्न: नमस्कार सर, माझं सासर प्रयाग चिखली, आता आम्ही शाहूपुरीत राहतो. २०१९ च्या महापुरात माझ्या मामंजींनी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बाहेर काढलेलं, एका न्यूज पोर्टलवर फोटोसकट बातमी आलेली. मामंजी गेल्या वर्षी वारले. परवा वर्षश्राद्धाला फॅमिली ग्रुपवरची लिंक उघडली तर पेजच नाही. ती बातमी परत मिळंल का? आणि आमचा मुलगा आर्काइव्ह साइटवरनं पैसे भरायच्या बातम्या फुकट वाचतो, ते बरोबर आहे का?

उत्तर: ताई, बातमी मिळालीय, आधी तेच सांगतो. तुम्ही पाठवलेली लिंक मी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर टाकली, तर कॅलेंडरवर ऑगस्ट २०१९ मध्ये एकच निळा ठिपका दिसला, निळा म्हणजे पान नीट साठवलंय. उघडलं तर मजकूर सगळा आहे, काहिलीचा उल्लेखही आहे, पण फोटोच्या जागी रिकामी चौकट. असं बऱ्याचदा होतं, कारण पान उचलणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, मजकूर घेतो पण फोटो दुसऱ्या सर्व्हरवर असला की तो राहून जातो. तिथल्या लिंकमध्ये १४ आकडे दिसतील, साल, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे. ती वेळ ग्रीनिचची असते, आपली काढायला साडेपाच तास मिळवायचे.

हे वेबॅक मशीन चालवते सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था, ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केली आणि २००१ पासून सगळ्यांना जुनी पानं बघता येतात. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, कागदाला जपणारं कुणीतरी होतं, पण पोर्टलचं काय? मालकानं होस्टिंगचे, म्हणजे साइट नेटवर ठेवायच्या जागेचे पैसे भरायचे थांबवले की दहा वर्षांच्या बातम्या एका दिवसात गेल्या. अमेरिकेत २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये डीएनएइन्फो आणि गॉथमिस्ट ह्या स्थानिक बातम्यांच्या साइट मालकानं एका फटक्यात बंद केल्या, पत्रकारांनी युनियनसाठी मतदान केल्यावर आठवड्याभरात, आणि जुन्या बातम्याही गायब. नंतर त्या परत आल्या पण तोवर तिथल्या लोकांना आपलंच लिहिलेलं शोधत बसावं लागलं. प्यू रिसर्च ह्या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या गावाचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास ह्या पोर्टलांवरच लिहिला गेलाय.

पेपरवाल्यांना आर्काइव्हची एक धास्ती असते. सकाळी टाकलेली हेडलाइन दुपारी गुपचूप बदलली, आणि दोन्ही वेळचं पान साठवलेलं असलं, तर ती दोन्ही पानं तिथं शेजारी ठेवून बघता येतात. माझ्या मते हे चांगलंच आहे, चूक झाली तर खाली दुरुस्ती लिहावी, लपवायचं कशाला.

आता मुलाचं. त्याला सांगा बाळा, हे बरोबर नाही. बंद पडलेली बातमी आर्काइव्हमध्ये वाचणं वेगळं आणि चालू पेपरची सबस्क्रिप्शन चुकवायला तिथं जाणं वेगळं, पुरात गुडघाभर चिखलात उभं राहून बातमी देणाऱ्या पोराचा पगार त्याच पैशातनं निघतो. आणि अलीकडं एआय कंपन्या आर्काइव्हमधनं मजकूर उचलतील ह्या भीतीनं काही मोठे पेपर आर्काइव्हच्या बॉटलाच आत येऊ देत नाहीत. त्यांची भीती खोटी नाही, पण दार बंद केल्यावर उद्या तोच पेपर बुडाला तर मागं काही उरणार नाही, हे मला जास्त गंभीर वाटतं. आर्काइव्हवर तरी किती भार टाकणार, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावरच सायबर हल्ला झाला आणि साइट काही दिवस बंद होती.

म्हणून ताई, सापडलेलं पान आजच पीडीएफ करून घ्या, प्रिंट काढा. इथून पुढं घरच्या कुणाची बातमी आली की त्याच दिवशी वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ' च्या चौकटीत लिंक टाकायची, फोटो वेगळा डाउनलोड करायचा. काहिलीच्या फोटोसाठी बातमीखाली ज्या वार्ताहराचं नाव आहे त्याला गाठा, त्याच्या जुन्या मोबाइलात किंवा हार्ड डिस्कवर तो असू शकतो, आणि ज्या दोन आज्ज्यांना काढलं त्यांच्या नातवंडांनाही विचारा, त्या दिवशी चिखलीत मोबाइलवर फोटो काढणारा तो एकटाच नसणार.