लॅपटॉपचा पडदा काळा, पण टॉर्च मारली की अक्षरं पुसट दिसतात. असं कसं? खानापूरच्या दुकानात 'पॅनेल बदला' म्हणाले, बदलावंच लागेल का?

तुमच्या पडद्यावर चित्र नीट उमटतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. म्हणून खानापूरच्या दुकानात 'पॅनेल बदला' म्हणाले तरी लगेच पैसे मोजू नका. मी बेळगावच्या टिळकवाडीत लॅपटॉप दुरुस्त करतो, ही तक्रार आमच्याकडे नेहमीची.

एलसीडी पडदा स्वतः उजेड पाडत नाही, तो अडवतो. खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची पट्टी असते आणि तिचा उजेड पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटमधून पडदाभर पसरतो. पुढे दोन काचांच्या मध्ये लिक्विड क्रिस्टल, आणि काचांच्या बाहेरून दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या फिल्म: एक उभा, एक आडवा. पहिल्यातून आलेला उजेड दुसऱ्यातून जाऊच शकत नाही. मधल्या क्रिस्टलनी त्याच्या कंपनांची दिशा वळवली तरच तो बाहेर येतो, आणि किती वळवायची हे व्होल्टेजवर ठरतं. चोर्ला घाटात गाडी चालवताना लावतात तो पोलरॉइड गॉगल चालू पडद्यासमोर धरून फिरवा. एका कोनात सगळा पडदा काळा होतो.

फुल एचडीत 1920 × 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल, चित्राचे बारीक ठिपके. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग आणि दर भागाला व्होल्टेज देणारा वेगळा ट्रान्झिस्टर, म्हणजे छोटा स्विच. (हे लिक्विड क्रिस्टल 1888 साली रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडले. कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ त्याला दोनदा वितळताना दिसला: आधी गढूळ, मग स्वच्छ. पडद्याचा विचारही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.)

तुमची टॉर्च पुढून आत जाते, मागच्या परावर्तक शीटवर आपटून परत येते आणि जे पिक्सेल उघडे आहेत तिथूनच बाहेर पडते. म्हणून अक्षरं दिसतात, पण पुसट.

आता तपासायचं असं. आधी ब्राइटनेसची बटणं दाबून बघा, हसू नका. मग झाकण हळूहळू मागेपुढे करा. उजेड लुकलुकला तर बिजागरीतून जाणारी केबल घासलीय, ती स्वस्तात बदलते. तसं नसेल तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज मीटरने तपासून घ्या. हे दोन्ही ठीक निघाले आणि एलईडीची पट्टीच गेली असेल, तर मात्र मीही पॅनेलच बदला म्हणेन. पट्टी वेगळी बदलता येते, पण त्यासाठी पॅनेल उघडलं की थरांमध्ये धूळ शिरते आणि पांढऱ्या पानावर ठिपके दिसत राहतात.