दोन ड्राइव्ह घेतले, पण बूटलोडर कुठे बसला?

प्रश्न : माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पीसी असेंबल्ड, आय-फाइव्ह सातव्या जनरेशनचा, त्यामुळे विंडोज ११ त्यावर बसत नाही म्हणतात आणि १० चा सपोर्ट तर संपला. श्रीलिपी आणि पेजमेकरसाठी विंडोज लागणारच, पण मेल, बँक वगैरे लिनक्स मिंटवर (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) करावं असं डोक्यात आहे. त्यासाठी ५०० जीबीचा नवा एसएसडी आणून ठेवलाय. मुलगा म्हणतो दुसरा ड्राइव्ह कशाला, आहे त्याच्यातच पार्टिशन पाड. दुकानदार म्हणतो हात लावलात तर विंडोज उडेल. कुणाचं ऐकू? (एक वाचक, कराड)

उत्तर : मुलाचं म्हणणं चूक नाही, एकाच ड्राइव्हवर दोन्ही नांदतात, हजारो लोक तसंच वापरतात. पण तुमचं पोट त्या विंडोजवर आहे, तेव्हा वेगळा ड्राइव्हच बरा. आणि दुकानदाराची भीती अगदीच खोटी नाही, फक्त ती टाळायला पाच मिनिटं लागतात.

खरी मेख काय आहे सांगतो. ड्राइव्ह दोन घेतले म्हणजे सिस्टीम वेगळ्या झाल्या असं आपल्याला वाटतं, पण कॉम्प्युटर चालू होताना ज्याच्यापासून सुरुवात होते तो बूटलोडर एका छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या फक्त त्यासाठी राखलेल्या भागात, बसतो, आणि बरेच इन्स्टॉलर आधीपासून असलेलं ईएफआय पार्टिशन दिसलं की गुपचूप तिथेच जाऊन बसतात, मग तुम्ही लिनक्स कुठल्याही ड्राइव्हवर टाकलेलं असो. विंडोजचा इन्स्टॉलरही याला अपवाद नाही बरं का. माझंच उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या ऐटीत दोन ड्राइव्हवर दोन सिस्टीम टाकल्या, सगळं मस्त चाललं, आणि मग एक दिवस विंडोजवाला ड्राइव्ह भावाच्या पीसीत टाकायला काढला तर इकडे लिनक्स पण सुरू होईना. लिनक्स सगळं जागेवर होतं, फक्त त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती आणि तो खिसा मी भावाकडे पाठवला होता. इन्स्टॉल करताना खाली बूटलोडर कुठे टाकायचा ते विचारलेलं असतं, मी बघितलंच नव्हतं.

म्हणून उपाय अगदी गावठी आहे : लिनक्स टाकताना विंडोजचा ड्राइव्ह मशीनला दिसूच द्यायचा नाही. आधी कामाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, हे सांगायची गरज नाही पण सांगतोच. मग पीसी बंद, भिंतीचं बटण बंद, बाजूचं झाकण काढा आणि विंडोजच्या एसएसडीची साटा केबल, ती चपटी, पुष्कळदा लाल असते, ती ओढून काढा. नवा एसएसडी जोडा. आता मशीनला एकच ड्राइव्ह दिसणार, त्यामुळे इन्स्टॉलरने ‘पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करू का’ असं विचारलं तरी बिनधास्त हो म्हणा, पुसायला दुसरं काही नाहीच. बूटलोडरही झक मारत त्याच ड्राइव्हवर बसतो.

मिंटचा इन्स्टॉलर टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून बूट करताना, म्हणजे मशीन सुरू करताना, एक बघा. कुठल्या ड्राइव्हवरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. यूईएफआय ही मशीन सुरू करायची नवी पद्धत, तोच निवडा. मेनूची बटणं कंपनीगणिक वेगळी, गिगाबाइटला एफ-१२, एमएसआयला एफ-११, आसूसच्या बोर्डावर एफ-८. तुमचं विंडोज मात्र जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असू शकतं, असेंबल्ड पीसीत हे फार बघतो मी. सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते आधी बघून ठेवा. लेगसी असेल तर बायोसमधलं (मदरबोर्डच्या सेटिंगमधलं) सीएसएम, म्हणजे जुनी पद्धत चालू ठेवणारी सोय, बंद करू नका, नाहीतर विंडोज उठणार नाही आणि तुम्ही दुकानदाराला फोन कराल. अशा वेळी लिनक्सच्या ग्रब मेनूतूनही (सुरू होताना कुठली सिस्टीम हवी ते विचारणारी यादी) विंडोज उघडत नाही, दरवेळी बूट मेनूचं बटण दाबून ड्राइव्ह निवडायचा. मला तर तीच पद्धत आवडते, कुणी कुणाच्या मध्ये येत नाही.

लिनक्स एकट्याने सुरू झालं, नेट वगैरे लागलं की बंद करून विंडोजची केबल परत जोडा. बूट मेनूत मिंटऐवजी ‘उबंटू’ असं नाव दिसेल, घाबरू नका, मिंट उबंटूवरच बांधलेलं आहे आणि तेच नाव लावतं.

दोन बारीक कटकटी राहतात. एक, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा (कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाची सेटिंग). ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर फाइल ठेवायला गेलात की फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. दुसरी घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं, म्हणून लिनक्सवरून विंडोजमध्ये आलात की सकाळचे दहा वाजलेले असताना साडेचार दिसतात, बरोब्बर साडेपाच तास मागे. विंडोज नेटला जोडलेलं असलं तर कधीतरी सुधारतं, पण सपोर्ट संपलेलं विंडोज नेटपासून लांबच ठेवायचंय ना, मग ते चुकीचंच राहणार. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ हा कमांड एकदा दिला की मिटतं, स्पेलिंग मुलाला विचारा, त्यालाही जरा काम मिळेल.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवायचे दोन एम-डॉट-टू स्लॉट आहेत, विंडोज ११ एकावर, उबंटू दुसऱ्यावर टाकणार आहे. वेगळा ड्राइव्ह असल्यावर विंडोज अपडेटचा त्रास होणार नाही ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कमी होईल, शून्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर कितीतरी ड्युअल बूट (दोन सिस्टीम असलेल्या) मशीनवर लिनक्स सुरूच होईना, स्क्रीनवर शिम (लिनक्सच्या बूटलोडरचा पहिला भाग) आणि एसबॅट (नाकारायच्या जुन्या बूटलोडरची नोंद) यांचा एरर यायचा. त्या अपडेटने जुन्या बूटलोडरना नकार देणारी नोंद केली होती आणि ती नोंद कुठल्याही ड्राइव्हवर नाही, मदरबोर्डच्या मेमरीत राहते. तिथे दोन ड्राइव्ह असून उपयोग काय? सिक्युअर बूट, म्हणजे बूटलोडर तपासणारी बायोसमधली सोय, तात्पुरतं बंद करून लोकांनी मार्ग काढला. म्हणून उबंटूही अपडेट ठेवा.

आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा. ‘मी कधी चालूच केलं नाही’ असं म्हणू नका, नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं आणि बायोसमध्ये काही बदललं की निळी स्क्रीन ती की मागते. ड्राइव्ह काढायचा धीर होत नसेल तर बायोसमध्ये तो स्लॉट बंद करता येतो का बघा. तेही नसेल तर इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्ह कंपनीच्या मॉडेल नावावरून ओळखा, एनव्हीएमई (अशा एसएसडीचा प्रकार) या नावापुढच्या शून्य-एक नंबरवर जाऊ नका, दोन असले की ते नंबर कधी कधी अदलाबदल होतात.

प्रश्न : सहा महिन्यांनी लिनक्स नको वाटलं तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बायोसमध्ये विंडोजचा ड्राइव्ह पहिला करा, मग तो काढून ठेवा आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून लिनक्सचा ड्राइव्ह फॉरमॅट करा. बूट मेनूत लिनक्सचं नाव नंतरही काही दिवस लोंबकळत राहिलं तर राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.